मुंबई–लंडन : अंतर तेच, वेळ वेगळी

मुंबई आणि लंडन यांच्या विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. मुंबईचा मुख्य विमानतळ जुहूहून सांताक्रूझला गेला, लंडनचा क्रॉयडनहून हीथ्रोला; पण आकडा जवळपास तोच राहिला. सपाट नकाशावर या दोन ठिकाणांना पट्टी लावली तर रेघ बगदादजवळून आणि सीरियावरून जाते. पृथ्वी गोल असल्याने खरी जवळची वाट मात्र उत्तरेकडे वाकते. बलुचिस्तान, इराण, कॉकेशस, काळा समुद्र आणि युक्रेन ओलांडून ती पश्चिम युरोपात उतरते. या वाटेने सरळ जाणे विमानांना फार उशिरा जमले.

इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीने १९२९ साली लंडन–कराची सेवा सुरू केली, तेव्हा प्रवासाला सात दिवस लागत. त्यातही बाझल ते जिनोआ हा टप्पा चक्क आगगाडीचा होता! मुंबई या मार्गावर नव्हतीच. ती उणीव १५ ऑक्टोबर १९३२ रोजी भरून निघाली. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी एकाच इंजिनाचे छोटे ‘पुस मॉथ’ विमान टपालाच्या थैल्यांसह कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल पुढे मद्रासकडे नेले. विलायतेच्या पत्रांचे दिवस वाचले. माणसे मात्र अजून बहुतेक बोटीनेच जात होती.

मुंबईकराला थेट लंडनपर्यंत नेणारे देशी कंपनीचे विमान ८ जून १९४८ रोजी उडाले. एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे चार इंजिनांचे लॉकहीड कॉन्स्टेलेशन कैरो आणि जिनिव्हा येथे थांबून लंडनला गेले. पंख्याच्या या विमानांचा वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास असे. एका दमात एवढे अंतर कापण्याइतके इंधन त्यांत मावत नसल्याने थांबे टळत नसत आणि प्रवासात जवळजवळ एक अख्खा दिवस जाई.

१९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि वेग जवळपास पावणेदोन पट झाला. खरी मोठी उडी हीच. त्यानंतर प्रवासी विमानांचा वेग फारसा वाढलेला नाही, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पुढे जो वेळ वाचला, तो मुख्यतः वाटेतले थांबे गळाल्यामुळे.

आज विनाथांबा विमानाला मुंबईहून लंडनला जायला साधारण साडेनऊ-दहा तास लागतात. येताना वेळ तासाभराने कमी होतो, कारण उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. तिकिटावरच्या स्थानिक वेळांची नुसती वजाबाकी केली, तर जाण्याचा प्रवास जेमतेम पाच तासांचा आणि येण्याचा चौदा तासांचा भासतो. हा घड्याळातल्या फरकाचा खेळ. हा फरक हिवाळ्यात साडेपाच तासांचा, तर ब्रिटनच्या उन्हाळ्यात साडेचार तासांचा असतो.

जवळची वाट नेहमी मोकळी असतेच असे नाही. पाकिस्तानातील बालाकोटवर भारताने केलेल्या हवाई हल्ल्यानंतर फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानचे आकाश बंद होते, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून मोठा वळसा पडला. मुंबईच्या विमानांना त्याची झळ कमी बसली, कारण ती सहज अरबी समुद्रावर वळू शकतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्धामुळे युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले आणि लंडनच्या सरळ वाटेचा मधला तुकडाच निखळला. तेव्हापासून विमाने त्याच्या दक्षिणेकडून जातात.