रात्रीची पाटी



"वाचून काय पोट भरतंय?" हे वाक्य आपल्यापैकी बऱ्याच जणींनी ऐकलं असेल. दीडशे वर्षांपूर्वी तर याहून वाईट ऐकावं लागे. बाईनं अक्षर गिरवलं की तिचा नवरा मरतो, अशी समजूत घराघरांत होती. त्या काळात वाचायला शिकलेल्या रमाबाई रानडे यांच्याबद्दल आज बोलूया.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी कुर्लेकरांच्या घरात १८६२ साली त्यांचा जन्म झाला. माहेरी मुलींना शिकवायची रीत नव्हती. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न झालं. रानडे तेव्हा एकतिशीत होते, पहिली पत्नी नुकतीच वारली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माणसानं वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून लहान मुलीशी लग्न केलं, म्हणून लोकांनी त्यांना नावं ठेवली. पण एक गोष्ट त्यांनी लगेच केली. बायकोच्या हातात पाटी दिली.

शिकणं रात्रीचं. दिवसभर घर भरलेलं असे आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच पसंत नव्हतं. टोमणे, अबोला, मुद्दाम लावलेली कामं, सगळं वाट्याला आलं. नवऱ्याचं ऐकावं तर सासरच्या बायका दुखावणार, बायकांचं ऐकावं तर पुस्तक सुटणार. रमाबाईंनी उलट उत्तर दिलं नाही आणि पुस्तकही सोडलं नाही. मराठी आलं, मग इंग्रजीही आलं. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर पुण्यात त्यांनी मुलींच्या हायस्कूलची मागणी इंग्रजीतून वाचून दाखवली. १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागेची शाळा सुरू झाली.

इथवरची गोष्ट ऐकून कुणी म्हणेल, शिकवणारा नवरा मिळाला, नशीब चांगलं. खरंच आहे ते. शेजारच्या घरात तसंच डोकं, तशीच हौस असलेली मुलगी चुलीपाशीच राहिली असेल. पण खरी परीक्षा पुढं होती. १९०१ मध्ये रानडे गेले. रमाबाई विधवा झाल्या. मूल नव्हतं. अशा बाईनं कोपऱ्यात बसावं, एवढीच समाजाची अपेक्षा असे.

त्या वेळी वाचन त्यांच्या उपयोगी पडलं. वाचणाऱ्या बाईला आपल्या घराबाहेरचं दुःख कळतं, आणि आपलं दुःख एकटीचं नाही हेही कळतं. रमाबाई बाहेर पडल्या. येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या. १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन उभं राहिलं, त्याच्याही त्या अध्यक्ष. पुढच्याच वर्षी पुण्यात सेवासदनाचं काम सुरू झालं. तिथं बायका लिहायला-वाचायला, शिवण करायला शिकल्या. कुणी शिक्षिका झाली, कुणी नर्स. ज्या विधवेला घरात ताटावर जड समजत, ती पगार घेऊन घरी येऊ लागली. वाचून पोट भरतं का, याचं उत्तर मिळालं.

१९१० मध्ये 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे त्यांचं पुस्तक आलं. नवऱ्याच्या आठवणी म्हणून लिहिलेलं, पण त्यात त्या काळच्या घरातली बाई दिसते. तिचं भिणं, तिचं गिळलेलं रडणं, तिची जिद्द. कुणी लिहून ठेवलं नसतं तर हे आपल्याला कळलंच नसतं.

आता ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी काय करायचं? बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी जात्यावर, शेतात त्यांना गाणी सुचत. घरच्यांनी ती टिपून घेतली, म्हणून १९५२ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. श्रावणात आपण पोथी ऐकतोच की. एकीनं वाचावं, दहा जणींनी ऐकावं, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे.

तेव्हा बचत गटाची बैठक संपली, की वीस मिनिटं जास्त बसा. गावच्या वाचनालयातून एक पुस्तक आणा. जिला वाचता येतं तिनं मोठ्यानं वाचावं. जिला शिकायचं आहे तिनं शेजारी बसून अक्षरावर बोट ठेवावं. रमाबाईंना त्यासाठी रात्र व्हायची वाट बघावी लागली. आपल्याला तेवढं थांबायची गरज नाही.