चालू यंत्रातील बदल : पुनर्रचनीय चिप आणि खोडदची दुर्बीण

पुण्याहून नाशिककडे जाणारा हमरस्ता भोसरी, मोशी व चाकण ही औद्योगिक क्षेत्रे ओलांडून नारायणगावास पोचतो. तेथून पूर्वेस खोडदच्या परिसरात टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. तिच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात विखुरल्या आहेत. चाकणचा मोटार कारखाना आणि खोडदची दुर्बीण यांचे कार्य सर्वस्वी भिन्न असले, तरी एक अडचण उभयतांस समान आहे. यंत्र जुने होते, त्यात सुधारणा आवश्यक ठरते. परंतु सुधारणेसाठी ते दीर्घकाळ बंद ठेवणे परवडत नाही. यंत्र चालू असतानाच त्याचा एखादा भाग बदलण्याची कल्पना संगणकविद्येत कशी उदय पावली आणि खोडद येथे तिचे कोणते रूप आढळते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या कल्पनेचे मूळ १९६० मध्ये सापडते. त्या वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेतील जेराल्ड एस्ट्रिन यांनी ‘स्थिर अधिक परिवर्तनीय’ रचनेचा संगणक सुचविणारा निबंध प्रसिद्ध केला. आपल्याकडे टाटा संस्थेचा ‘टिफ्रॅक’ हा संगणक याच सुमारास मुंबईत कार्यान्वित झाला होता. सर्वसाधारण संगणक कोणतेही गणित करतो, परंतु सावकाश. विशिष्ट गणितासाठी घडविलेले यंत्र जलद चालते, परंतु दुसऱ्या कामास निरुपयोगी ठरते. एस्ट्रिन यांनी या पेचातून मध्यम मार्ग काढला : संगणकाचा एक भाग कायम ठेवावा आणि दुसरा भाग गणितानुरूप बदलावा. तथापि त्या काळी हा बदल म्हणजे मंडलांचे सुटे भाग व तारांची जोडणी हातांनी बदलणे होय. चालू स्थितीत असे करणे अर्थातच शक्य नव्हते.

पुढील टप्पा पाव शतकाने आला. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या झायलिंक्स या अमेरिकन कंपनीने पुढच्याच वर्षी एक्ससी-२०६४ ही चिप बाजारात आणली. तिच्यात ६४ तर्कखंड होते. प्रत्येक खंडाने कोणते कार्य करावे व कोणाशी जोडले जावे, हे चिपमधील स्मृतिपेशींत लिहिलेले असे. वीज गेली की हा मजकूर पुसला जाई. ही उणीवच पुढे गुण ठरली. कारण जे पुसता येते ते नव्याने लिहिताही येते. अशा चिपला आज एफ.पी.जी.ए. म्हणतात. प्रारंभी मात्र संपूर्ण मजकूर एकदमच भरावा लागे व तोवर चिपचे काम बंद राही. नव्वदीच्या दशकाच्या मध्यास आलेल्या एक्ससी-६२०० या मालिकेत स्मृतीच्या निवडक भागापर्यंत थेट पोचण्याची सोय झाली. ही मालिका बाजारात टिकली नाही. परंतु कल्पना टिकली. व्हर्टेक्स-२ या पुढील पिढीत चिपच्या आतच एक लेखनद्वार ठेवण्यात आले आणि चिप स्वतःचाच एखादा भाग नव्याने लिहू लागली.

ही क्रिया वरकरणी दिसते तितकी सरळ नाही. आराखडा करतानाच चिपवर स्थिर प्रदेश व परिवर्तनीय प्रदेश यांची सीमा आखावी लागते. सीमा ओलांडणाऱ्या जोडण्यांच्या जागा कायम ठेवाव्या लागतात. अन्यथा नवे मंडल जुन्या जोडण्यांशी जुळणार नाही. बदलाच्या वेळी त्या जोडण्या तात्पुरत्या तोडाव्या लागतात, कारण अर्धवट लिहिलेल्या मंडलातून निघणारे निरर्थक संकेत स्थिर भागात शिरण्याचा धोका असतो. नवा मजकूर भरल्यावर त्या मंडलास आरंभस्थितीत आणून मगच जोडण्या पूर्ववत करतात. शिवाय परिवर्तनीय प्रदेश हा त्यात येऊ शकणाऱ्या सर्वांत मोठ्या मंडलास पुरेल एवढा राखावा लागतो. म्हणजे लहान मंडल असताना काही जागा वाया जाते. या सोयीचे मूल्य असे आगाऊ मोजावे लागते.

आता खोडदकडे वळू. ही दुर्बीण २००२ पासून जगातील संशोधकांस खुली आहे. तिची मूळ ग्रहणक्षमता ३२ मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या पट्ट्याची होती. नंतरच्या सुधारणेने ती ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंत वाढली. लक्षणीय गोष्ट अशी की, ही सुधारणा चालू असताना निरीक्षणेही चालू राहिली. नवी उपकरणे टप्प्याटप्प्याने बसविण्यात आली. जुने व नवे संकेत एकाच प्रकाशतंतूतून निरनिराळ्या तरंगलांबींवर वाहू लागले, आणि नवी संकेतप्रक्रिया यंत्रणा जुनीच्या शेजारी उभी राहिली. या नव्या यंत्रणेत संकेतांचे अंकीकरण झाल्यावर प्रारंभीचे संस्करण व्हर्टेक्स-५ चिपा असलेल्या फलकांवर होते. पुढील गणित ग्राफिक प्रक्रियकांनी युक्त अशा संगणकांकडे सोपविलेले आहे.

या चिपांचे महत्त्व विद्युत्‌बाधेच्या प्रश्नात विशेष दिसते. उच्चदाब विद्युत्‌वाहिन्यांवरील ठिणग्यांमुळे अत्यल्प काळाचे तीव्र संकेत अँटेनात शिरतात. वर्णपटाचे विश्लेषण झाल्यावर ही बाधा सर्व कंप्रतांत पसरते; म्हणून तिला तत्पूर्वीच, चिपमध्येच, रोखावे लागते. येथे सरासरीचा उपयोग होत नाही, कारण ठिणगी सरासरीलाही बिघडविते. यास्तव मध्यकावर आधारलेली गाळणी खोडद येथे विकसित करून या चिपांत बसविण्यात आली. चिपची रचना अपरिवर्तनीय असती, तर असा नवा उपाय तीत सामावणे शक्य झाले नसते.

मात्र एक भेद अभ्यासकाने विसरू नये. अशा फलकांवर सामान्यतः संपूर्ण चिपचा मजकूर एकदमच भरला जातो. चालू चिपचा केवळ एक भाग बदलणे ही निराळी गोष्ट आहे. खोडद येथे स्थिर व परिवर्तनीय यांची सीमा चिपच्या आत नसून एकूण यंत्रणेच्या मांडणीत होती. तरीही तत्त्व एकच आहे. जेथे ही सीमा आधी विचारपूर्वक आखली जाते, तेथेच यंत्र न थांबविता त्यात बदल करता येतो. एका अँटेनाची गाळणी बदलताना त्याच चिपवरील इतर अँटेनांचे संकेत अखंड वाहते ठेवता येतील काय, हा प्रश्न त्या दृष्टीने पदव्युत्तर संशोधनास योग्य वाटतो. त्याचे उत्तर शोधणाऱ्याने प्रथम एस्ट्रिन यांचा निबंध वाचावा.