वेळूचा ऑर्गन

भगिनींनो, ऑर्गन म्हटला की संगीत नाटकातली पायपेटी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. तिच्यात पितळी पत्त्या बोलतात. चर्चमधल्या थोरल्या ऑर्गनची जात निराळी. तेथे भाता वारा देतो आणि शेकडो नळ्या बासरीप्रमाणे गातात. मनिलाजवळच्या लास पिन्यास येथील चर्चमध्ये तर या नळ्या चक्क वेळूच्या आहेत!

दिएगो सेरा या स्पॅनिश धर्मगुरूने १८१६ साली हे काम आरंभिले. वेळूला कीड लागू नये म्हणून त्याने ते समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेविले. १८२४ मध्ये वाद्य पुरे झाले. एकूण नळ्या १०३१. त्यांपैकी ९०२ वेळूच्या, उरलेल्या धातूच्या. तुतारीचा कडक नाद काही वेळूतून निघेना!

पुढे भूकंप आले, वादळे आली. वाद्य खिळखिळे झाले. अखेर १९७३ साली ते उतरवून दुरुस्तीसाठी जर्मनीत बॉन येथे क्लाईस यांच्या कारखान्यात धाडण्यात आले. पण उष्ण, दमट हवेतला वेळू तिकडच्या कोरड्या थंडीत तडकला तर? कारागिरांनी त्यासाठी फिलिपाइन्सच्या हवेसारखी ऊबदार, दमट खोलीच तयार केली. गवसणी घालून तंबोरा जपणाऱ्या आपणांस या काळजीचे मोल निराळे सांगावयास नको. मला तर साऱ्या हकिकतीत ती खोलीच अधिक भावते.

इकडे तोवर चर्चचीही डागडुजी झाली. १९७५ साली ऑर्गन घरी परतला आणि ९ मे रोजी जुन्याच जागी पुन्हा वाजू लागला.