अपस्मार : वैद्यक पुढे, कायदा मागे

मुलाला आकडी आली की कांदा किंवा पायताण हुंगवण्याची रीत आपल्यापैकी अनेकांच्या घरी होती. मुलगी असेल तर त्याआधी दार लोटून घेतले जाई; पुढे तिचे स्थळ जमायचे असे.

वैद्यकाने मात्र या विकाराचा विचार फार पूर्वी केला. चरकसंहितेत निदान आणि चिकित्सा या दोन्ही स्थानांत अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहेत. ग्रीसमध्ये सुमारे २४०० वर्षांपूर्वी हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील वैद्यांनी हा देवाचा कोप नसून मेंदूचा विकार असल्याचे प्रतिपादन केले. पुढे १८५७ मध्ये ब्रोमाइड, १९१२ मध्ये फेनोबार्बिटल आणि १९३८ मध्ये फेनिटॉइन ही औषधे उपयोगात आली.

असे असूनही १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम ५ मध्ये वेडाच्या जोडीला अपस्माराचे वारंवार येणारे झटकेही विवाहास बाधक ठरले. असा विवाह न्यायालयातून रद्द करून घेता येई. 'अपस्मार' हा शब्द तेथून वगळला गेला तो १९९९ मध्ये. मधल्या २३ वर्षांत लपवाछपवीला कायद्याच्या भयाची जोड मिळाली, आणि आजार लपवायचा म्हटल्यावर उपचारही लपतछपत, अर्धवट होत, असे आम्हांस वाटते.

योग्य उपचारांनी सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. कायद्याने तो शब्द गाळला. आपल्या घरांतील कुजबुजही आता थांबावी. मुलाला झटका आल्यास त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि नंतर निःसंकोचपणे डॉक्टरांकडे न्यावे.