झाडीपट्टी नाट्यनिर्माता
पूर्व विदर्भातील व्यावसायिक नाट्यमंडळीचा मालक, भांडवलदार व व्यवस्थापक. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे त्याचे कार्यक्षेत्र.

उगम : दंडार व खडी गंमत (→ दंडार) या लोकप्रकारांच्या परिसरात गावोगावच्या हौशी मंडळांची नाटके रुजली; पुढे त्यांतून पगारी कलावंतांच्या कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांचे मुख्य केंद्र देसाईगंज ऊर्फ वडसा. ते गोंदिया–बल्लारशाह लोहमार्गावर असल्याने मुंबई-नागपूरचे कलावंत उतरवून घेणे सोयीचे पडले. हंगामात येथे कंपन्यांच्या कचेऱ्या फलकांसह थाटतात.

वैशिष्ट्ये : हंगाम दिवाळीनंतरच्या मंडईपासून (गावजत्रेपासून) साधारण होळीपर्यंत. निर्माता कलावंतांना आगाऊ रक्कम देऊन बांधून घेतो आणि पडदे, दिवे, ध्वनियंत्रणा व वाहने पुरवतो. गावातील मंडळ ठरीव रकमेला प्रयोग विकत घेते. मंडप, परवानगी व तिकीटविक्री मंडळाकडे. त्यामुळे गल्ल्याची जोखीम बहुतांशी गाव उचलते, तर निर्मात्याची पुंजी हंगाम सुरू होण्याआधीच अडकलेली असते. व्यवहार चालतो तो मुख्यतः पतीवर. प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो; शंकरपटाच्या (→ शंकरपट) दिवशी मागणी विशेष असते. धानोऱ्यासारख्या छत्तीसगड सीमेलगतच्या जंगली तालुक्यात रात्रीचा लांबचा प्रवासही हिशेबात धरावा लागतो.

महत्त्व : शासकीय अनुदानापेक्षा तिकिटावर उभा असलेला हा ग्रामीण नाट्यव्यवसाय महाराष्ट्रात विरळाच. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.