चेन्नई बुल्स
१२. मजकुरातला ‘दुय्यम लीगमधला संघ’ हा उल्लेख तसाच ठेवला आहे, पण तो बुल्सवर अन्याय करतो. २०२५च्या पहिल्या रग्बी प्रीमियर लीगमध्ये सहाच संघ होते, वरची-खालची श्रेणी नव्हतीच. चेन्नईतल्या मद्रास जिमखान्याशी (स्थापना १८८४) जोडलेली जुनी रग्बी ती पंधरा जणांची, ऐंशी मिनिटांची. या लीगमधली मात्र सात जणांची, काही मिनिटांत संपणारी, त्यामुळे एक चूकही महागात पडते. सामने चेन्नईत नव्हे, मुंबईत अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात झाले. अंतिम सामन्यात बुल्सनी दिल्ली रेड्झला ४१-० असे हरवले. अंतिम सामन्यात प्रतिस्पर्ध्याला एकही गुण न देणे किती अवघड, हे खेळलेल्यालाच कळेल. – संपा.