स्पोर्ट्स कारला ट्रकचे ब्रेक

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मोटारींचा शौकीन माणूस भेटला की बोलणं इंजिनावर येतं. किती सीसी, किती अश्वशक्ती, किती सेकंदांत शंभराचा वेग! ब्रेकचं कौतुक कुणी करत नाही. ब्रेकची आठवण होते ती तो लागला नाही म्हणजे. आज या दुर्लक्षित भागाच्या इतिहासातली एक गोष्ट सांगायची आहे. १९७०च्या सुमाराच्या एका देखण्या जपानी स्पोर्ट्स कारला अमेरिकेतली हौशी मंडळी भंगारात निघालेल्या पिकअप ट्रकचे ब्रेक बसवू लागली. हा उद्योग त्यांनी का केला आणि त्यात शहाणपण कितपत होतं, ते पाहू या.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९०२ साल या बाबतीत मोठं गमतीचं आहे. त्या वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांनी ड्रम ब्रेक आणला आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा. ब्रेक दाबला की आतले शू बाहेर फाकतात आणि डब्याला घासतात. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी थाळी. तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरायचं. लँचेस्टर यांची कल्पना अधिक चांगली होती, पण थाळीवर घासायला त्यांच्याजवळ तांब्याचे पॅड होते. ते कर्कश किंचाळत आणि धुळीच्या रस्त्यांवर भराभर झिजत. ड्रम मात्र झाकलेला, शांत आणि स्वस्त. पुढची पन्नास वर्षं त्याचंच राज्य चाललं.

ड्रमचा दोष त्याच्या झाकलेपणातच आहे. ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारं यंत्र. ही उष्णता डब्यात कोंडते, डबा तापून फुगतो, शूपासून दूर सरकतो आणि लायनिंगची पकडही सुटत जाते. पद्मिनी किंवा अँबॅसिडर घेऊन खंडाळ्याचा घाट उतरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. जळका वास, खाली खाली जाणारं पेडल! जाणता ड्रायव्हर म्हणूनच गाडी गिअरवर उतरवायचा.

यातून सुटका झाली ती शर्यतीच्या मैदानावर. डनलॉप कंपनीला विमानांच्या डिस्क ब्रेकचा अनुभव होता. तिनं जॅग्वारबरोबर काम करून सी-टाइप या शर्यतीच्या गाडीवर ते बसवले आणि जून १९५३मध्ये ही गाडी फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरली. या मार्गावर सुमारे सहा किलोमीटरचा एक सरळ पट्टा होता आणि त्याच्या टोकाला एकदम काटकोनी वळण. सरळ पट्ट्यावर कोण किती पळतो याला अर्थ होताच, पण खरी परीक्षा वळणापाशी होती. ड्रमवाल्यांना लवकर पाय ठेवावा लागे. शिवाय रात्र चढत जाई तसे ब्रेक थकत, म्हणून तो पाय आणखी लवकर ठेवावा लागे. जॅग्वारचे चालक प्रत्येक फेरीत उशिरापर्यंत वेग टिकवून धरत आणि पहाटेही त्यांचा ब्रेक संध्याकाळसारखाच लागत होता. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी शर्यत जिंकली. सरासरी वेग ताशी सुमारे १७० किलोमीटर पडला. या शर्यतीत ताशी शंभर मैलांची सरासरी प्रथमच ओलांडली गेली. जॅग्वारच्या गाड्या पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या आल्या. इंजिनापेक्षा ब्रेकनं जिंकलेली शर्यत म्हणून मला तिचं अप्रूप वाटतं.

मग डिस्क ब्रेक भराभर पसरले. १९५५मध्ये सित्रोएन डीएसला, १९५६मध्ये ट्रायम्फ टीआर ३ला पुढच्या चाकांवर आणि १९६१मध्ये जॅग्वार ई-टाइपला चारही चाकांवर. १९६९च्या अखेरीस निस्साननं आपली स्पोर्ट्स कार आणली, ती जपानात फेअरलेडी झेड आणि अमेरिकेत डॅटसन २४० झेड म्हणून विकली गेली. सहा सिलिंडर, २४०० सीसी, वजन जेमतेम एक टन आणि अमेरिकेतली सुरुवातीची किंमत ३,५२६ डॉलर. युरोपीय गाड्यांचा थाट सामान्य पगारदाराच्या आवाक्यात आला. पुढे डिस्क, मागे ड्रम अशी ब्रेकची मांडणी होती आणि त्या काळच्या सडपातळ टायरांना ती पुरेशी होती.

पुढे या गाड्या जुन्या झाल्या, स्वस्त झाल्या आणि तरुणांच्या हाती आल्या. त्यांनी रुंद टायर घातले, इंजिनाचा जोर वाढवला. आता ब्रेक तोकडे वाटू लागले. चार पिस्टनांचा शर्यतीचा कॅलिपर निस्सानकडे होता, पण तो दुर्मिळ आणि महाग. अशा वेळी कुणाच्या तरी ध्यानात आलं, की टोयोटाच्या १९७९ ते १९८५ दरम्यानच्या फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपचा कॅलिपर डॅटसनच्या जागेवर सरळ बसतो! प्रतिस्पर्धी कंपनीचं, ओझी वाहणारं वाहन, पण बोल्टच्या भोकांमधलं अंतर जुळतं. फक्त डिस्कमागचा पत्र्याचा धूळरोधक थोडा कापावा लागतो. डॅटसनच्या कॅलिपरला दोन पिस्टन, याला चार. अमेरिकेत भंगाराची अशी आवारं असतात, की आपला पाना घेऊन जायचं, हवा तो भाग स्वतः खोलायचा आणि दारावर पैसे भरायचे. तिथं हा माल पडलेला असे. ओतकामावर ‘एस १२+८’ असा खुणेचा शिक्का असला, म्हणजे काम झालं.

आता प्रश्न असा, की यानं नेमकं मिळालं काय? इथं माझं मत हौशी मंडळींपेक्षा थोडं वेगळं आहे. ताशी १६० किलोमीटरनं चाललेली ही गाडी चालकासकट एकदा थांबवली, तर जी उष्णता निर्माण होते, तिच्यात तीन लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. ही उष्णता साठवते डिस्क, कॅलिपर नव्हे. जुनीच भरीव डिस्क ठेवून नुसता मोठा कॅलिपर लावला, तर पायाला जोर कमी लागतो, पॅड मोठा मिळतो, पण डिस्क तापायची तेवढीच तापते. आणि गाडी शेवटी थांबवतो टायर. चाक जॅम होण्याइतका ब्रेक आधीच लागत असेल, तर अंतर काही कमी होत नाही. खरा फायदा हवा असेल तर मधून पोकळ, हवा खेळणारी जाड डिस्क लागते. ती १९८४नंतरच्या ३०० झेडएक्सची घ्यायची, मध्ये स्पेसर टाकायचा आणि टोयोटाचाच, पण रुंद जबड्याचा ‘एस १२ डब्ल्यू’ कॅलिपर लावायचा. दिसायला दोन्ही कॅलिपर सारखेच, त्यामुळे घाईत फसगत ठरलेली!

मोठ्या पिस्टनांना तेलही जास्त लागतं. जुना मास्टर सिलिंडर ७/८ इंचाचा. त्यावर पेडल खोल जातं, म्हणून पुढच्या २८० झेडएक्सचा १५/१६ इंचाचा लावतात. एक भाग बदलला की दुसरा बदलावा लागतो, तो असा.

भंगारातला ब्रेक घ्यावा की नाही? लोखंड घ्यावं, रबर घेऊ नये. कॅलिपरचं ओतीव शरीर वीस-पंचवीस वर्षांनीही ठणठणीत असू शकतं. पिस्टन बाहेर काढून पाहावेत. खड्डे पडले असतील तर ते फेकून द्यावेत. चारांपैकी एक जरी अडकला तरी पॅड तिरका झिजतो, गाडी एका बाजूला ओढते. हवा काढायचा निपल जागेवरच फिरवून पाहावा, गंजून तुटला तर सगळा खर्च वाया. बसवताना तो निपल वरच्या बाजूला हवा. डावा-उजवा कॅलिपर उलटा बसला तर निपल खाली येतो, हवा निघतच नाही आणि माणूस दिवसभर पेडल मारत बसतो. डिस्कची जाडी मोजावी, किमान जाडी कंपनीच्या पुस्तकात दिलेली असते. रबर किट, होजपाइप आणि ब्रेक ऑइल मात्र नवंच. जुना होजपाइप बाहेरून चांगला दिसतो आणि आतून सुजून वाट बंद करतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर ही हद्द १४० अंशांवर येऊ शकते. तेल उकळलं की पेडलाखाली उरते वाफ. आणि जुन्या पॅडची धूळ फुंकू नये, त्या काळी त्यांत ॲस्बेस्टॉस असे.

मागचे ड्रम तसेच राहतात, हेही ध्यानात हवं. पुढचा ब्रेक जड झाला तर जोरात दाबल्यावर पुढची चाकं आधी धरतात आणि गाडी सरळ घसरत जाते. हे बरं नाही, पण निदान ती गरगर फिरत नाही. मागची चाकं आधी धरली तर फिरते. म्हणून तोल पाहायचा तो रिकाम्या, ओल्या जागेवर, रहदारीत नव्हे. आपली हौस आपली असते, समोरच्या सायकलवाल्याची नसते.

अस्सलपणाचे कट्टर पुरस्कर्ते या साऱ्यावर नाक मुरडतात. संग्रहालयात ठेवायच्या गाडीबाबत त्यांचं बरोबर आहे. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीबाबत मला ते पटत नाही. कापलेला पत्रा सोडला तर हा बदल चार बोल्ट खोलून उलटवता येतो. मूळ कॅलिपर तेल लावून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवावेत, म्हणजे झालं.

ते टोयोटा पिकअपही आता संग्राहकांच्या यादीत जाऊन बसले आहेत. चांगल्या स्थितीतला एखादा मिळाला तर तो मोडायला कुणी देत नाही. त्यामुळे हल्ली अमेरिकेत पुष्कळ जण दुरुस्त करून विकले जाणारे कॅलिपर सुट्या भागांच्या दुकानातून घेतात आणि अनामत परत मिळावी म्हणून आपले जुने, गंजलेले कॅलिपर दुकानदाराला देऊन येतात.